आज्ञार्थाविना नेतृत्व : डेबियन प्रकल्पाच्या घटनालेखांचे परीक्षण

१

संस्थेची घटना हा सामान्यतः कायदेपंडितांच्या अभ्यासाचा विषय मानला जातो. तिची भाषा हा स्वतंत्र विचाराचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्या संस्थेपाशी पगार देण्याची, बढती रोखण्याची अथवा सेवेतून मुक्त करण्याची शक्ती असते, तिच्या घटनेतील शब्द थोडे इकडचे तिकडे झाले तरी तिचे काम अडत नाही. शब्द जेथे अपुरे पडतात तेथे अधिकार पुढे येतो. परंतु ज्या संस्थेपाशी अशी कोणतीही शक्ती नाही, जिचे सभासद आपखुशीने काम करतात, संस्थेकडून वेतन घेत नाहीत आणि वर्षानुवर्षे एकमेकांच्या दृष्टीसही पडत नाहीत, त्या संस्थेला एकत्र ठेवणारे साधन भाषेवाचून दुसरे कोणते असणार? अशा संस्थेची घटना वाचताना शब्दाशब्दाचा विचार करणे हा पांडित्याचा विलास ठरत नाही. तेथे शब्द हाच कारभार असतो.

डेबियन ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम तयार करणारी अशी एक संस्था होय. यंत्र आणि त्यावर काम करणारा मनुष्य ह्यांच्यामध्ये उभा असलेला आज्ञावलींचा संच म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स हा गाभा, ग्नू प्रकल्पाची साधने आणि निरनिराळ्या लेखकांनी निर्माण केलेल्या हजारो मुक्त आज्ञावली एकत्र आणून, एकमेकींशी जुळवून, सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देणे हे डेबियनचे कार्य. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे विद्यार्थी इयन मर्डॉक ह्यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी ह्या उपक्रमाची घोषणा केली. जून १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.१ ह्या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ क्रमांकाच्या आवृत्तीत ही संख्या ७०,००० च्या घरात गेली. आज अनेक देशांत विखुरलेले सुमारे एक हजार सभासद हे काम पाहतात. मर्डॉक १९९६ मध्येच नेतेपदावरून दूर झाले आणि डिसेंबर २०१५ मध्ये निवर्तले. प्रकल्प मात्र चालूच राहिला.

एवढे मोठे कार्य तीन दशकांहून अधिक काळ चालविणाऱ्या ह्या संस्थेला दिशा कोण देते, हा प्रश्न स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे उत्तर नेत्यांच्या चरित्रांत शोधण्यापेक्षा संस्थेने स्वतःविषयी लिहिलेल्या तीन लेखांत शोधणे अधिक फलदायी आहे. १९९३ चा जाहीरनामा, १९९७ चा सामाजिक करार आणि १९९८ ची घटना हे ते तीन लेख होत. ह्या लेखांनी नेत्याच्या मुखातून आज्ञार्थ काढून घेतला, हे त्यांचे मोठे यश आहे. आणि आज्ञेच्या जागी काय यावे हे पुरेसे स्पष्ट केले नाही, ही त्यांची उणीव आहे. ह्या दोन्ही विधानांची छाननी पुढे केली आहे.

२

तीनही लेख लागोपाठ वाचणाऱ्याच्या प्रथम लक्षात येतो तो त्यांतील वक्त्याचा पालट. जाहीरनाम्यामागे एका व्यक्तीचा आवाज आहे. वितरणाचे, म्हणजे विखुरलेल्या आज्ञावली एकत्र बांधून वापरणाऱ्याच्या हाती देण्याचे, काम वरवर क्षुल्लक दिसते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. ते काळजीपूर्वक आणि उघडपणे, अनेकांच्या सहकार्याने झाले पाहिजे, हे त्याचे प्रतिपादन. ते एका तरुणाने इतरांस पटवून देण्यासाठी केलेले आहे. त्यात निमंत्रण आहे, पण व्यवस्था नाही. सर्वांनी मिळून काम करावे असे तो सांगतो. सर्वांचे एकमत झाले नाही तर काय करावे, ह्याविषयी तो मौन पाळतो. आरंभीच्या काळात अशा मौनाने काही बिघडत नाही, कारण निमंत्रण देणारा मनुष्य समोर उभा असतो.

१९९६ मध्ये मर्डॉक ह्यांच्या जागी ब्रूस पेरेन्स आले आणि त्यांच्या पुढाकाराने सभासदांत चर्चा होऊन जुलै १९९७ मध्ये सामाजिक करार स्वीकारला गेला. येथे वक्ता बदलतो. कराराच्या पाचही कलमांतून बोलतो तो 'आम्ही'. इंग्रजी मूळात ह्या ठिकाणी असलेले सर्वनाम श्रोत्याला सामावून घेते की वगळते हे त्या भाषेत कळत नाही. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद उपलब्ध असल्यामुळे तो प्रश्न मराठी वाचकापुढे ताबडतोब उभा राहतो. करार हे वचन आहे, आणि वचनाला देणारा व घेणारा असे दोन पक्ष लागतात. म्हणून तेथे 'आम्ही'च योजावे लागेल. परंतु हे वचन ज्या मुक्त सॉफ्टवेअरच्या समाजाला दिले आहे त्या समाजात वचन देणारेही मोडतात. अर्थात ह्या 'आम्ही'च्या पोटात एक 'आपण' दडलेला आहे. डेबियनच्या पुढील बहुतेक वादांचे मूळ ह्या दुहेरी सर्वनामात सापडते. बाहेरच्यांना दिलेला शब्द पाळावयाचा की आपापसांत ठरविलेली सोय पाहावयाची, असे त्या वादांचे स्वरूप असते.

ऑस्टिन ह्यांनी ज्या उद्गारांना केवळ विधान न मानता कृती मानले, त्यांपैकी हा करार आहे. तो उच्चारला गेला तेव्हाच संस्थेवर एक बंधन निर्माण झाले. त्याचे सामर्थ्य संस्थेपुरतेही राहिले नाही. ह्याच कराराच्या जोडीने मुक्त सॉफ्टवेअर कशास म्हणावे ह्याची जी मार्गदर्शक सूत्रे डेबियनने स्वीकारली, तीच १९९८ मध्ये किरकोळ फेरफारांसह 'ओपन सोर्स' ह्या संज्ञेची अधिकृत व्याख्या म्हणून पुढे आली. ज्या संस्थेचा नेता स्वतःच्या सभासदाला एखादे काम सांगू शकत नाही, त्या संस्थेच्या एका मजकुराने साऱ्या व्यवसायाची परिभाषा ठरविली, ही गोष्ट विचारार्ह आहे.

तिसरा लेख म्हणजे २ डिसेंबर १९९८ रोजी मंजूर झालेली घटना. तिचे प्रमुख रचनाकार इयन जॅक्सन हे त्या वर्षी स्वतः प्रकल्पनेते होते. येथे 'मी' नाही, 'आम्ही'ही नाही. क्रमांकित कलमांतून तृतीयपुरुषात कोणी काय करू शकतो एवढेच सांगितले आहे. अधिकारावर असलेल्या मनुष्याने आपल्या पदाच्या मर्यादा आखणाऱ्या लेखनात असा पुढाकार घ्यावा, हे उदाहरण संस्थांच्या इतिहासात वारंवार आढळणारे नव्हे.

३

घटनेतील क्रियापदांची रूपे पाहिली असता त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग शक्यार्थाचा. सभासदाला, नेत्याला, तांत्रिक समितीला अमुक करता येईल, अशी ही वाक्ये आहेत. अधिकारांची सर्व कलमे ह्याच वर्गात येतात. दुसरा वर्ग विध्यर्थाचा. नेत्याने सभासदांच्या सर्वसाधारण मताशी सुसंगत असे निर्णय घेण्याचा प्रयत्न करावा, शक्य तेथे त्यांचे मत अनौपचारिकपणे विचारावे, स्वतःच्या मतास अवास्तव महत्त्व देऊ नये, चर्चेला मूळ मुद्द्याकडे आणण्यास साहाय्य करावे आणि नेतेपदाचा उपयोग वैयक्तिक मतांच्या पुरस्कारासाठी करू नये, अशी ही वाक्ये आहेत. तिसरा वर्ग सक्तीचा, आणि प्रत्येक सभासदाला उद्देशून असलेले ह्या वर्गातील मुख्य वाक्य नकारार्थी आहे. घटनेनुसार योग्य रीतीने घेतलेल्या निर्णयांच्या विरुद्ध सक्रिय वागता कामा नये, एवढेच ते सांगते. त्या निर्णयांसाठी राबले पाहिजे, असे ते सांगत नाही. किंबहुना घटनेने कोणावरही काम करण्याचे बंधन घातलेले नाही, आणि सोपविलेले काम नको असल्यास ते न करण्याची मुभा प्रत्येकास आहे, असे घटनेच्या आरंभीच स्पष्ट केले आहे.

शुद्ध आज्ञार्थाला अशा घटनेत स्थान उरत नाही. ही माणसे दिवसभर यंत्रासाठी आज्ञावली लिहितात. स्वतःसाठी मात्र त्यांनी आज्ञा नसलेला ग्रंथ लिहिला. ह्यात अंतर्विरोध नाही. यंत्र आज्ञा पाळते म्हणूनच त्याला आज्ञा करता येते. जो मनुष्य आज्ञा झाल्याबरोबर उठून जाऊ शकतो, त्याला केलेली आज्ञा ही व्याकरणात आज्ञार्थ असली तरी व्यवहारात विनंतीच असते. घटनाकारांनी ही वस्तुस्थिती झाकली नाही. व्याकरण व्यवहाराशी जुळते राखले, हा ह्या लेखाचा पहिला गुण.

नेत्याच्या अधिकारांतील सर्वांत महत्त्वाचा अधिकार प्रतिनियुक्त नेमण्याचा. विशिष्ट कामे तो काही सभासदांवर सोपवू शकतो व त्यांना बदलूही शकतो. परंतु त्यांनी अमुक निर्णय घ्यावा अशी अट घालून त्याला नेमणूक करता येत नाही, आणि त्यांनी घेतलेला निर्णय त्याला फिरविताही येत नाही. कोणी करावयाचे हे तो ठरवितो. काय करावयाचे हे ठरवीत नाही. तांत्रिक समितीचीही हीच गत आहे. जास्तीत जास्त आठ सभासदांची ही समिती एखाद्या सभासदाचा निर्णय रद्द करू शकते, पण त्यासाठी तीनास एक असे मताधिक्य लागते. तिने अखेरचा उपाय म्हणूनच निर्णय द्यावयाचा असतो, आणि नवी रचना स्वतः आखावयाची नसते. सर्व सभासदांचा सार्वत्रिक ठराव ह्या सर्वांवर अंकुश ठेवतो.

नेत्याची निवड दरवर्षी पसंतीक्रमाच्या मतदानाने होते आणि मतपत्रिकेवर 'ह्यांपैकी कोणीही नाही' हा पर्याय असतो. भारतीय मतदाराच्या परिचयाच्या 'नोटा'पेक्षा तो अधिक बलवान आहे, कारण तो जिंकल्यास निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. नकाराला येथे केवळ नोंदीचे स्थान नाही; त्याला परिणाम आहे.

मग सकारात्मक शक्ती कोठे राहते? ती राहते प्रत्येक सभासदापाशी. आपल्या स्वतःच्या कामासंबंधी कोणताही निर्णय घेण्याचा अधिकार घटनेने त्याला दिला आहे, आणि एखाद्या पॅकेजची देखभाल पत्करणाऱ्याचा शब्द त्या पॅकेजापुरता जवळजवळ अखेरचा असतो. मराठी वाचकाला येथे वतनाची आठवण होणे साहजिक आहे. इतरांनी त्या शिवेत पाऊल टाकताना संकोच करावा, वतनदाराने काम न केले तरी त्याचा मान राहावा, हे दोष येथेही अधूनमधून दिसले आहेत. तथापि प्रकल्पाची स्वतःची परिभाषा निराळी आहे. देखभाल करणारा दूर झाला की पॅकेज 'अनाथ' होते आणि दुसरा कोणी ते 'दत्तक' घेतो. वतनाची भाषा मालकीची असते. ही भाषा सांभाळाची आहे. परिभाषेतील हे रूपक सभासदांच्या आचरणाला दर वेळी आवर घालते असे नाही, परंतु आचरण चुकले असता कोणत्या मापाने ते मोजावयाचे हे ते सांगून ठेवते. डेबियनची स्थापना करणारी आज्ञावली मराठीतूनही चालते, तीही ह्याच न्यायाने. भाषांतर करा असे कोणी कोणाला फर्मावलेले नसते. ज्यांनी ते अंगावर घेतले त्यांच्यामुळे ते झाले.

४

आज्ञा नसलेल्या संस्थेत दिशेचे वाद हे शब्दार्थाचे वाद होतात. ह्याचे अत्यंत बोधप्रद उदाहरण २००४ सालचे आहे.

सामाजिक कराराच्या पहिल्या कलमाचा मथळा, डेबियन शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर राहील, अशा आशयाचा होता. एप्रिल २००४ मध्ये ह्या करारात दुरुस्त्या करणारा सार्वत्रिक ठराव मंजूर झाला आणि इतर बदलांबरोबर मथळ्यातील 'सॉफ्टवेअर' हा शब्द गेला. आता डेबियन शंभर टक्के मुक्त राहील, आणि प्रणालीचे सर्व घटक मुक्त असतील, असे वचन झाले. ठरावाला नाव देण्यात आले होते 'संपादकीय दुरुस्त्या'.

दुरुस्ती सुचविणाऱ्यांच्या दृष्टीने ह्यात नवे काही नव्हते. संगणकावर साठविलेले सर्व काही सॉफ्टवेअरच होय, मग ती आज्ञावली असो की तिची माहितीपुस्तिका. तेव्हा शब्द गाळल्याने अर्थ बदलत नाही, केवळ संदिग्धता जाते, असा त्यांचा युक्तिवाद. परंतु दुसऱ्या वाचनानुसार 'सॉफ्टवेअर' हा शब्द आतापर्यंत एक कुंपण होता. ज्या माहितीपुस्तिकांचे परवाने पुरेसे मुक्त नव्हते, आणि यंत्राच्या निरनिराळ्या भागांत भरावयाच्या ज्या फर्मवेअर नावाच्या आज्ञावली उत्पादक मूळ संहिता न देता पुरवीत असत, त्यांना ह्या कुंपणाबाहेरचे समजून आजवर सवलत मिळत आली होती. कुंपण गेले, सवलतही गेली. आवृत्ती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी असलेल्या सभासदाने, नवा मजकूर लागू असताना अशा वस्तू ठेवून आवृत्ती काढता येणार नाही, असा अर्थ लावला. काही महिन्यांतच ह्या दुरुस्तीची अंमलबजावणी पुढे ढकलणारा दुसरा ठराव करावा लागला. मागील आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली होती. 'सार्ज' ही पुढील आवृत्ती निघण्यास जून २००५ उजाडला. विलंबाला इतरही कारणे होती, परंतु एका विशेषित नामाच्या लोपाने त्यात भर घातली, हे निर्विवाद.

येथे भाषेच्या अभ्यासकाने दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. 'मुक्त सॉफ्टवेअर' ह्या पदातील विशेष्य काढून टाकले की विशेषण मोकळे होते आणि त्याची व्याप्ती वाढते. ही अर्थविचारातील प्राथमिक गोष्ट आहे, तीविषयी वाद होण्याचे कारण नव्हते. खरा दोष ठरावाच्या मजकुरात नव्हता, तो ठरावाच्या नावात होता. 'संपादकीय' ह्या विशेषणाने सभासदांना असे सुचविले की येथे निर्णय घ्यावयाचा नाही, केवळ भाषा नीट करावयाची आहे. नावावर विसंबून आपली दिशाभूल झाली, अशी तक्रार नंतर झाली ती ह्यामुळेच. ज्या संस्थेत मजकूर हाच सार्वभौम आहे, तेथे मजकुराची दुरुस्ती कधीच केवळ संपादकीय असू शकत नाही.

ह्या घटनेच्या शेजारी २०२२ चा ठराव ठेवून पाहावा. मधल्या काळात फर्मवेअरची अडचण वाढत गेली होती. बिनतारी जाळ्याशी जोडणारा भागही ज्याविना चालू होत नाही असे संगणक सर्वत्र झाले, आणि अधिकृत साधनाने डेबियन बसवू पाहणारा नवखा मनुष्य पहिल्याच पायरीवर अडू लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सार्वत्रिक ठरावाने असे फर्मवेअर अधिकृत साधनात समाविष्ट करण्यास मान्यता दिली. त्यासाठी सामाजिक कराराच्या पाचव्या कलमात तशी स्पष्ट भर घालण्यात आली, आणि मूलभूत लेखात बदल करावयाचा असल्यामुळे तीनास एक हे मताधिक्य आवश्यक मानले गेले. पहिल्या प्रसंगी शब्दाचा बदल हा अर्थाचा बदल नाही असे सांगितले गेले. दुसऱ्या प्रसंगी अर्थ बदलावयाचा आहे, म्हणून शब्द बदलतो आहोत, असे सांगितले गेले. पहिला ठराव तत्त्वाच्या बाजूने होता आणि दुसरा तडजोडीच्या बाजूने, हे खरे. तरीही दुसरा निर्णय अधिक सुखाने पचला. संस्थेने ह्या अठरा वर्षांत बदलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावयास शिकले, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो. तत्त्वात सूट दिल्याचे दुःख काही सभासदांना झालेच. परंतु त्यांना फसविल्याचे दुःख झाले नाही, आणि स्वेच्छेने चाललेल्या संस्थेत ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक मोलाची आहे.

५

घटनेची कठोरतर परीक्षा झाली ती २०१४ मध्ये. संगणक सुरू होताच सर्वप्रथम चालणारी व इतर सर्व सेवांना जागे करणारी जी आज्ञावली, तिला इनिट म्हणतात. जुन्या इनिटच्या जागी सिस्टमडी ही नवी रचना घ्यावी की अपस्टार्ट ही दुसरी घ्यावी, असा प्रश्न होता. एकाच्या कामाचा परिणाम दुसऱ्या शेकडो पॅकेजांवर होणार असल्याने येथे 'ज्याचे काम त्याचा निर्णय' हे सूत्र चालेना. प्रश्न तांत्रिक समितीकडे गेला. आठ सभासदांची मते समसमान पडली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली.

तांत्रिकदृष्ट्या निर्णय घटनेला धरून होता, आणि तरीही तो वाद मिटविण्यास असमर्थ ठरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये ह्याच विषयाशी निगडित अशा सार्वत्रिक ठरावावर मतदान झाले, तेव्हा ह्या विषयावर सार्वत्रिक ठरावाची आवश्यकता नाही हा पर्याय विजयी झाला. त्याच महिन्यात समितीच्या तिघा सभासदांनी पद सोडले. त्यांत घटनेचे प्रमुख रचनाकार जॅक्सन हेही होते. सिस्टमडी नको असलेल्यांपैकी काहींनी डेवुआन हे वेगळे वितरण जाहीर केले. वर्षअखेरीस समितीच्या सभासदत्वाला कालमर्यादा घालणारी घटनादुरुस्ती झाली.

ह्या प्रसंगी घटनेचे प्रत्येक कलम आपले काम करीत होते. कमी पडली ती कलमांच्या मधली जागा. समिती अखेरचा उपाय म्हणून बोलावयाची, सभासद स्वतःपुरते बोलावयाचे आणि नेत्याने स्वतःचे मत पुढे करावयाचे नाही, अशी विभागणी झाल्यावर, ज्या प्रश्नाचा संबंध सर्वांशी आहे तो प्रश्न वेळेवर व योग्य शब्दांत मांडण्याचे काम नेमके कोणाचे, हे अनिश्चित राहिले. परिणामी दिशा प्रकल्पाच्या बाहेर ठरली आणि प्रकल्पाने तिला होकार अथवा नकार देण्याएवढेच आपल्या हाती ठेवले. होकार आठांपैकी चार मते आणि एक निर्णायक मत ह्यांच्या आधारे आला, तेव्हा तो अनेकांना आज्ञेसारखा वाटला. ज्या आज्ञार्थाला घटनेने दारातून घालविले होते, तो अंकगणिताच्या खिडकीतून आत आला.

नेतेपदाच्या मर्यादेचे दुसरे टोक २००६ मध्ये दिसले होते. त्या वर्षीच्या नेत्याने, प्रकल्पापासून औपचारिकरीत्या अलग राहून, देणग्यांतून काही काळ आवृत्ती-व्यवस्थापकांना वेतन मिळवून देण्याच्या उपक्रमात भाग घेतला. हेतू आवृत्ती वेळेवर निघावी हा होता. परंतु काहींना मोबदला आणि इतरांना काहीच नाही, ह्या भेदाने मने दुखावली. काहींनी आपले काम मंद केले, नेत्याला परत बोलावण्याचा ठरावही आला. तो फेटाळला गेला. डिसेंबर २००६ मध्ये अपेक्षित असलेली आवृत्ती ८ एप्रिल २००७ रोजी निघाली. विनावेतन काम करणाऱ्यांच्या समुदायात पैसा हा आज्ञार्थाचा सर्वांत जवळचा नातेवाईक असतो, हे नेत्याच्या ध्यानात आले नव्हते. समुदायाच्या मात्र ते तत्काळ ध्यानात आले.

६

ह्यावरून घटनेत नेतृत्वच नाही, असा आक्षेप घेतला जातो. लिनक्सच्या गाभ्याचे लिनस टोरवाल्ड्स १९९१ पासून जे करीत आले, म्हणजे कोणता बदल आत घ्यावयाचा हे अखेर स्वतः ठरविणे, ते डेबियनचा नेता करू शकत नाही. डेबियनच्याच आधारावर २००४ मध्ये निघालेल्या उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ ह्यांनी तर आपणच तहहयात परोपकारी हुकूमशहा असल्याचे विनोदाने, परंतु खरेपणाने, सांगितले. अशा व्यवस्थेत दिशा लवकर ठरते हे मान्य करावयास हवे. मात्र ती व्यक्तीच्या आयुष्याला किंवा तिच्या पाठीशी असलेल्या कंपनीच्या हिताला बांधलेली असते. डेबियनने संस्थापकाचे निवृत्त होणे पचविले, पुढे त्यांचा मृत्यूही पचविला. इतक्या नेत्यांच्या पालटानंतर प्रकल्प त्याच वचनाला बांधलेला राहिला. हे स्थैर्य नेत्यांमुळे आले नाही. ते मजकुरामुळे आले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. केवळ विध्यर्थाने चालणारे पद कोण पत्करील? २०१९ मध्ये अर्ज भरण्याच्या मुदतीत एकही उमेदवार पुढे आला नाही आणि घटनेतील तरतुदीनुसार मुदत आठवड्याने वाढवावी लागली. २०२३ मध्ये उमेदवार एकच होता. जबाबदारी सर्वांची ऐकून घेण्याची आणि अधिकार कोणालाही न सांगण्याचा, अशा पदाचा ओढा कमी असावा ह्यात नवल नाही. घटनेने काम न करण्याचे स्वातंत्र्य सर्वांना दिले. हे स्वातंत्र्य सभासद नेतेपदाच्या बाबतीतही वापरू शकतात, हे ओघानेच आले.

परंतु त्याच २०१९ च्या निवडणुकीतून आलेल्या सॅम हार्टमन ह्यांच्या कारकीर्दीत ह्या आक्षेपाचे उत्तरही सापडते. इनिटचा प्रश्न पाच वर्षे धुमसत होता. सभासदाने ठराव मांडावयाचा तर त्याला अनुमोदकांची गरज असते. नेत्याला ती नसते. हा अधिकार वापरून हार्टमन ह्यांनी प्रश्न सार्वत्रिक ठरावाच्या रूपाने सर्वांपुढे ठेवला. स्वतःच्या मताला मत मागणारी ही एकओळी सूचना नव्हती. निरनिराळ्या भूमिका घेणाऱ्यांना आपली भूमिका ओळखता येईल असे पर्याय त्यात होते, आणि इतरांनीही त्यांत भर घातली. डिसेंबर २०१९ मध्ये सिस्टमडीवर लक्ष केंद्रित करावे, मात्र पर्यायांच्या शोधाला वाव ठेवावा, हा पर्याय निवडला गेला. २०१४ मध्ये जे मूठभरांच्या मतमोजणीतून आले होते, ते आता सर्वांच्या उत्तरातून आले. निर्णयाची दिशा फारशी बदलली नव्हती. त्याचे व्याकरण बदलले होते.

डेबियनच्या घटनालेखांचे मूल्यमापन ह्या ठिकाणी स्थिर होते. आज्ञार्थ वगळण्यात घटनाकारांची चूक झाली नाही. तो ठेवला असता तर तो पहिल्याच कसोटीला निष्फळ ठरला असता. त्यांनी नेत्याला चर्चेचे पुढारपण आणि ठराव मांडण्याची मुभा ह्या दोन गोष्टी दिल्या, परंतु त्या अधिकारांच्या यादीत इतरांबरोबर मांडल्या. त्याच ह्या पदाचा गाभा आहेत, हे लेखातून उमटत नाही. वाचणारा नेत्याला काय करता येत नाही हे लक्षात ठेवतो, आणि त्याने काय विचारावे हे विसरतो. २००४ मध्ये प्रश्न चुकीच्या नावाने विचारला गेला, २०१४ मध्ये तो उशिरा आणि थोड्यांनाच विचारला गेला, २०१९ आणि २०२२ मध्ये तो सर्वांना व त्याच्या खऱ्या नावाने विचारला गेला. ह्या चार प्रसंगांतील यशापयशाचा क्रम नेत्याच्या बळाशी जुळत नाही. प्रश्नाच्या रचनेशी तो तंतोतंत जुळतो.

ज्यांना आज्ञा करता येत नाही अशांचे नेतृत्व आज्ञार्थात नसते, विध्यर्थातही पूर्णपणे नसते. ते प्रश्नार्थात असते. सभासदांच्या मनात विखुरलेला वाद एका स्वच्छ प्रश्नात बांधणे, त्या प्रश्नाला त्याचे खरे नाव देणे आणि उत्तर येईपर्यंत स्वतःचे मत बाजूला ठेवणे, हे काम दिसावयास लहान आहे. परंतु ते वेळेवर न झाल्यास माणसे निघून जातात, आणि स्वेच्छेने आलेली माणसे निघून गेली की त्यांना परत बोलाविण्याचा कोणताही अधिकार जगातील कोणत्याच घटनेपाशी नाही.